चांदणीची जागा

"जागा नाही! एकदा सांगितलं ना, जागा नाही म्हणून! आता मुंगी जरी चढली तरी टप उडून जाईल गाडीचा! हो मांगं!"

हे ओरडणं माझं. बोरी अरबच्या थांब्यावर गाडीच्या दारात, एक पाय पायरीवर आणि एक हवेत ठेवून मी ओरडत होतो. दिवस चोवीस डिसेंबरचा, वेळ दुपारी चारची. नवं राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती, अंगावरची कंडक्टरची खाकी अजून नवीच होती, आणि आवाज असा होता की मी दिग्रसच्या स्टँडवर 'यवतमाऽऽळ' अशी हाक दिली की यवतमाळच्या स्टँडवर बसलेले लोक सामान आवरायला लागत. बरं, हे थोडं जास्त झालं. दारव्ह्याचे लागत, एवढं धरून चाला.

खाली एक म्हातारा उभा होता. डोक्याला पांढरं फडकं, खांद्यावर गाठोडं, आणि हातातल्या दोरीला एक काळी बकरी. बकरीचा डावा कान अर्धा फाटलेला, कास दुधानं तट्ट भरलेली.

"बाबू, मी टपावर बसतो," तो म्हणाला. "बकरी मांडीत घेतो. संध्याकाळच्या आत यवतमाळले पोचाचं हाये. दवाखान्यात नातू हाये माह्या, तीन महिन्याचा. माय तापानं पडली त्याची, तिले दूध नाही. डब्याचं दूध टिकत नाही पोराच्या पोटात. हिचंच पचते."

हे सगळं तो बोलला आणि हे सगळं मला ऐकू आलं. ते आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं माझाच हात ते खोडायला बघेल.

ही गोष्ट मी आजवर निदान शंभर ठिकाणी सांगितली आहे. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, डेपोतल्या बाकावर. आणि दर वेळी बकरी वाढत गेली. एकदा ती ड्रायव्हरच्या मांडीवर बसून भोंगा वाजवत होती. घाटंजीच्या एका लग्नात तिनं पंचवीस उतारूंची तिकिटं खाल्ली आणि तिकीट तपासायला चढलेल्या साहेबाला शिंगावर घेतलं. लोक पोट धरधरून हसले. मी त्या बकरीवर आयुष्यभर चहा प्यालो. म्हातारा मात्र दर वेळी थोडा थोडा गोष्टीबाहेर सरकत गेला आणि शेवटी नुसती बकरीच उरली. म्हणजे गाडीत तर नाहीच, पण गोष्टीतही मी त्या माणसाला जागा दिली नाही. आता वय झालं, आवाज बसला. म्हणून एकदा खरं काय ते सांगतो.

गाडी भरलेली होती, हे खोटं नाही. कापसाचे दिवस. रस्त्यावर जिनिंगकडं निघालेल्या बैलबंड्यांची रांग, आणि गाडीत माणसं अशी दाबून भरलेली की कोणाचा हात कोणाच्या खिशात हे चोरालाही कळू नये. पण ड्रायव्हरच्या मागचा दोघांचा बाक रिकामा होता.

अगदी रिकामा म्हणता येणार नाही. त्यावर चांदणी बसली होती.

आमच्या यवतमाळच्या चर्चवर नाताळात एक मोठी चांदणी लागायची. बांबूच्या कामट्या, वर लाल-पिवळा पतंगी कागद, आत कंदील. ती करायचा दिग्रसचा एक मोमीन चाचा, जो मोहरमचे ताबूत बांधायचा. त्याच्या हातची चांदणी अशी की बघणाऱ्याला वाटावं, खऱ्या आकाशातली एक कमी झाली की काय. बैलबंडीच्या चाकाएवढी होती म्हणून मी सांगत आलोय. चाकाएवढी नव्हती, पण दोन माणसांची जागा सहज खात होती. आदल्या वर्षी मी ती टपावरून आणली, तर वाटेत बाभळीच्या फांदीनं तिची दोन टोकं फाडून नेली. चर्चच्या पाळकसाहेबांनी भर मंडळीत माझ्याकडं बघून म्हटलं होतं, "पूर्वेच्या मागी ज्ञान्यांना बाळ येशूपर्यंत एवढा लांबचा रस्ता दाखवला त्या ताऱ्यानं. आणि आपल्या कंडक्टरसाहेबांकडून तो दिग्रसहून धड येत नाही." सगळे हसले होते. मी सगळ्यांना हसवणारा माणूस. माझ्यावर कोणी हसलेलं मला चालत नसे. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वर्षी चांदणी आत बसून येईल. बसली. मी तिची दोन तिकिटंसुद्धा फाडली. चांदणीचं तिकीट काढणारा साऱ्या देशात मी एकटाच, असं मी दिग्रसपासून प्रत्येक चढणाऱ्याला ऐकवत होतो.

दुसरीही एक गोष्ट होती. चर्चमध्ये त्या संध्याकाळी नाताळचं नाटक असायचं आणि त्यात माझा वर्षानुवर्षांचा ठरलेला भाग होता, उतारशाळेच्या मालकाचा. दिवस भरलेली मरिया आणि योसेफ रात्रीचा निवारा मागत दाराशी येतात, मी आडवा होतो आणि गरजतो, "जागा नाही!" बस, एवढंच वाक्य. पण त्या वाक्यावर हशा व्हायचा, टाळ्या पडायच्या. कंडक्टर झाल्यापासून मी त्यात आपल्या धंद्याची फोडणी घालायला लागलो होतो. "जागा नाही! मागची गाडी रिकामी येऊन राह्यली, तिच्यात बसा!" लोक बाकावरून घसरायचे. बेथलेहेमातही आमच्याच डेपोच्या गाड्या धावत होत्या, अशी यवतमाळच्या पोरांची समजूत झाली त्याला मी जबाबदार.

तर त्या दुपारी बोरीच्या थांब्यावर मी नुसता उतारूला नाही म्हणत नव्हतो. मी गळा तयार करत होतो.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. तो फार कमी बोलायचा, तोंडात कायम पान. म्हणाला, "अरे, ले ले ना यार. टपावर जागा आहे. चांदणी दे मांडीवर कोणाच्या तरी."

"नियम नाही," मी म्हणालो. "जनावर चालत नाही."

ड्रायव्हर माझ्याकडं बघतच राहिला. आठच दिवसांपूर्वी एका पाटलाचे दोन बोकड मी त्याच टपावर स्वतःच्या हातानं चढवले होते, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं पानाची पिंक टाकली आणि मान आत घेतली.

म्हाताऱ्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी दोनच शब्द. "पोरगं उपाशी हाये."

आणि मी, वीस-पंचवीस डोळे माझ्याकडं लागलेले बघून, आवाज चढवला. "असं कर बाबा, तिकीट बकरीले देतो. ती बसते चांदणीजवळ. तू मांगून पयत ये!"

गाडी हसली. पुढून मागपर्यंत हसली. कोणीतरी ओरडलं, "वा रे कंडक्टर!" त्या हशात काही हसणं निराळं होतं, हेही मला कळलं होतं. म्हातारा गावाबाहेरच्या वस्तीतला होता; त्या वस्तीतले लोक नागपूरला दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून गावात काही जणांच्या डोळ्यांत खुपत होते. दाराजवळ बसलेल्या दोघांनी तो चढेल या भीतीनं आधीच धोतराचे सोगे आवरून घेतले होते. माझ्या विनोदानं त्यांची सोय झाली. आणि माझे आजोबा? अशाच एका वस्तीतून निघून त्यांनी येशूचं बोट धरलं होतं. वाट निराळी, पण निघालो एकाच ठिकाणाहून. खाकी चढवल्यावर मला ते ठिकाण दिसेनासं झालं होतं.

म्हातारा हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं खिडकीकडं पाहिलं. उतरतं ऊन चांदणीच्या लाल कागदातून पडत होतं. मग त्यानं बकरीची दोरी मनगटाला एक वेढा देऊन घेतली आणि बाजूला झाला. मी घंटीची दोरी ओढली. टिंग टिंग.

आता मी असं लिहू शकतो की संध्याकाळी नाटकात 'जागा नाही' म्हणताना माझा गळा दाटून आला. गोष्ट छान होईल. पण तसं काही झालं नाही. उलट त्या संध्याकाळी मी जन्मात केलं नाही असं काम केलं. "टप उडून जाईल" हे दुपारचं वाक्यसुद्धा मी घातलं आणि टाळ्या थांबेनात. दारावर चांदणी झळकत होती, सहाच्या सहा टोकं शाबूत. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. बोरीचा म्हातारा माझ्या डोक्यात एवढासासुद्धा नव्हता. मी करंज्या खाल्ल्या, आणखी मागून घेतल्या आणि घोरत झोपलो.

सकाळी चर्चमध्ये नाताळची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा. आमच्या मंडळीत एक चाल होती. त्या दिवशी दाराजवळची एक खुर्ची रिकामी ठेवायची. तिच्यावर धुतलेली चादर घालायची. प्रभू परक्या माणसाच्या रूपात येतो, आला तर त्याला बसायला असावी म्हणून. त्या खुर्चीचा बंदोबस्त माझ्याकडं असे. कंडक्टरच्या हातात जागा राखायचं काम दिलं की बघायलाच नको. एक पाय दुखणारी मावशी तिच्यावर टेकली, तिला मी उठवलं. "मावशी, ती प्रभूची जागा हाये." मावशी ओशाळून भिंतीला टेकली आणि पूर्ण भक्ती उभी राहिली. दोन दिवसांत मी दोन जागा राखल्या. एकीवर कागद बसला, दुसरीवर कोणीच नाही.

भक्ती आटोपली की मंडळी फराळाची ताटं घेऊन गाणी म्हणत दवाखान्यात जायची. माझी बायको तिथं नर्स होती आणि त्या दिवशी तिची सकाळची ड्युटी होती. मी नवा कोट घातलेला, हातात अनारसे-करंज्यांचं ताट, वर विणलेला रुमाल. पोरांच्या वॉर्डाकडं वळलो आणि आवारातल्या कडुनिंबाला बांधलेली बकरी दिसली. काळी. डावा कान अर्धा.

माझ्या तोंडातलं गाणं तिथंच राहिलं. बाकीचे गात पुढं गेले.

ओसरीवर म्हातारा बसला होता. दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, चिंध्यांवर वाळलेलं रक्त. बायको वाटी घेऊन बाहेर आली.

"अजी, बरं झालं आले," ती म्हणाली. "या बाबाले द्या आधी. कालपासून पोटात काही नाही. मांगून गाडी नव्हती, तर बोरीहून पायी आला, बकरी घेऊन. दिवस उगवता उगवता पोचला. कोणा मेल्या कंडक्टरनं गाडीत घेतलं नाही म्हणते."

"राहतात काही कंडक्टर तसे," मी म्हणालो.

"आणि लेकरू? काल सांजेपासून साखरपाण्यावर. डब्याचं दिलं तर भडाभडा ओकून टाकलं. आता ही बकरी आली, तर चालून चालून तिची कास सुकून गेली. पिळून पिळून एवढं निघालं." तिनं वाटी माझ्यापुढं धरली. वाटीचं बूड झाकेल एवढंच दूध होतं. मोठी गप्प बाई, पण त्या दिवशी थांबेना. "चारच्या सुमारास बोरीवर कोणती गाडी राहते हो? दिग्रसची ना? तुम्हीच होते ना काल तिच्यावर?"

"काल ड्युटी बदलली होती माझी," मी म्हणालो.

चांदणी त्याच गाडीतून उतरवताना तिनं स्वतः हात लावला होता. ती वाटी घेऊन आत लेकराकडं गेली.

मग मी जे केलं ते लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. मी म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसलो, ताट पुढं केलं आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "बाबा, कोण होता तो? बिल्ल्याचा नंबर-गिंबर पाहिला का त्याच्या?" जन्मात पहिल्यांदा मी हळू आवाजात बोललो होतो. ओळखू येऊ नये म्हणून.

म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. काल ज्या नजरेनं खिडकीकडं पाहिलं होतं, त्याच नजरेनं.

"नाही बाबू," तो म्हणाला. "मले वाचता येत नाही."

तीनदा नाकारून झालं होतं. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राच्या वेळी कोंबडा आरवला, माझ्या वेळी बकरी ओरडली. कडुनिंबाखालून, मान वर करून, चांगली लांब. म्हाताऱ्यानं ताटातली एक करंजी उचलली, निम्मी मोडली, लंगडत गेला आणि आधी बकरीला घातली.

पोराचं काय झालं ते सांगतो, आणि यात एक शब्दही फुगवलेला नाही. दोन दिवस ते पोर फार वाईट होतं. रडायचंसुद्धा नाही. बायको घरी यायची आणि जेवता जेवता थांबायची. मी विचारायचो नाही. विचारायची माझी छातीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून सरकी आणि हिरवा चारा नेऊन पहाटेच्या अंधारात बकरीसमोर टाकला आणि चोरासारखा परतलो. बकरीची कास पुन्हा भरली, ती चाऱ्यानं की विश्रांतीनं, ते तिलाच ठाऊक. चौथ्या-पाचव्या दिवशी पोर दूध ठेवायला लागलं. जगलं. मी मात्र त्या आठवड्यात स्टँडवर अशी हाक द्यायचो की शेजारच्या बाकावरचा माणूस विचारायचा, "कुठली गाडी म्हणे?"

नवं वर्ष लागून आठ दिवस झाले असतील. यवतमाळच्या स्टँडवर दुपारच्या दिग्रस गाडीला म्हातारा उभा दिसला. बकरी, गाठोडं, पायात कोणीतरी दिलेल्या जुन्या वहाणा. सून आणि नातू अजून आठ दिवस दवाखान्यात राहणार होते. तापातून उठून तिलाच दूध सुटलं होतं, म्हणून बकरी घरी निघाली होती. हे मला बायकोकडून कळलं होतं.

मी खाली उतरलो. बकरी स्वतः उचलून टपावर चढवली. म्हाताऱ्याला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवलं, खिडकीशी. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि पान चघळायचं थांबला. म्हाताऱ्यानं कनवटीचे पैसे काढले. मी नको म्हणालो. तो हात पुढं करूनच बसला. शेवटी मी त्याचं तिकीट फाडलं, बकरीचंही फाडलं. ती त्यानं नीट घडी करून फडक्याच्या पदरात बांधली.

बोरीपर्यंतच्या रस्त्यात मी मनात भाषण जुळवत होतो. आत्ता बोलू, चढाव संपला की बोलू, पुढच्या थांब्यावर बोलू. मी, ज्याच्या आवाजानं दारव्ह्याचे लोक सामान आवरत, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. बोरी आली. बकरी उतरवली, दोरी त्याच्या हातात दिली. गाडीत सगळे ऐकत होते. त्यातले दोघं-तिघं चोवीस तारखेलाही होते.

"बाबा," मी म्हणालो, "त्या दिवशी ओरडणारा मीच होतो. गाडीत जागा होती."

म्हाताऱ्यानं बकरीच्या मानेखाली खाजवलं.

"हाव," तो म्हणाला. "मले खालून दिसत होती."